पांगाऱ्याची छाटणी: कधी, किती आणि कुठून?

अंगणकर, सातारा

पुढच्या अंगणात कुंपणाच्या भिंतीपासून आठ फुटांवर पांगारा आहे. वय दहा-अकरा वर्षं, उंची अंदाजे २२ फूट, छातीच्या उंचीला खोडाचा घेर ३ फुटांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी तो १० फुटांवर सरसकट छाटला गेला. तेव्हापासून प्रत्येक थोटकातून सात-आठ सरळसोट फांद्या वर गेल्या आहेत. त्यांच्यावर काळे काटे दाट आहेत. फुलं मात्र एकाच जुन्या, तेव्हा न छाटलेल्या फांदीला येतात.

आता डिसेंबरात पानगळ सुरू झाली आहे. माळीबुवांचं म्हणणं, पानं गेलीत तर आत्ताच अर्धा उतरवून घ्या, उन्हाळ्यापर्यंत परत भरेल. मला ते पटत नाही, पण उलट सांगायला नेमकं कारणही हाताशी नाही.

अडचणी अशा: एक फांदी फाटकावर खाली आली आहे आणि तिथूनच मुलांची ये-जा असते. दुसरी एक फांदी घरात येणाऱ्या विजेच्या तारेपासून चारेक फुटांवर आहे. गेल्या पावसाळ्यात काही शेंड्यांची पानं गुंडाळल्यासारखी झाली होती, देठांवर गाठी होत्या. छाटणी कधी करावी, किती करावी, कापलेल्या जागी काय लावावं, आणि खोडावरचे काटे तासले तर चालतात का? झाड काढायचं नाही, फुलायला हवं आहे.

हिरवा कोयता

आत्ता छाटू नका. पांगारा फुलतो तो गेल्या पावसाळ्यात वाढून जून झालेल्या फांदीच्या शेंड्याला. एखादा शेंडा वाकवून जवळून बघा. गळलेल्या पानांच्या देठांच्या खुणा तिथे एकमेकींना खेटून असतात आणि शेंडा बोथट, जाड झालेला असतो. थोड्याच दिवसांत त्या जाड टोकातून तपकिरी लव असलेला कळ्यांचा दांडा बाहेर पडेल. पानं गळाली म्हणजे झाड रिकामं झालं असं नाही, फुलोरा त्या शेंड्यांतच आहे. डिसेंबरात अर्धं झाड उतरवलंत तर फेब्रुवारी-मार्चची फुलं कचऱ्यात जातील. आणि मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळेच त्या दिवसांत या झाडावर मधासाठी येतात, त्यांचंही नुकसान.

छाटणी करायची ती फुलं ओसरली की, म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. कोवळी पानं तेव्हा नुकती डोकावत असतात. हवा कोरडी असल्याने जखम सुकते, आणि नव्या फुटीला वाढून जून व्हायला पुढचा अख्खा पावसाळा मिळतो. जून ते सप्टेंबर मात्र करवत लावूच नका. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि भुसभुशीत, पावसात कापलं की पाणी पिऊन कुजायला लागतं. शिवाय तेव्हाची फूट ऑक्टोबरपर्यंत कोवळीच राहते, तिला फुलं धरत नाहीत. मोडलेली, वाळलेली किंवा डोक्यावर पडेल अशी फांदी याला अपवाद. ती दिसेल त्या दिवशी काढायची.

तुमच्या झाडाचं खरं दुखणं तीन वर्षांपूर्वीची ती सरसकट छाटणी आहे. शेंडा उडवला की झाड सालीखालचे झोपलेले डोळे एकदम जागे करतं, त्यातून पानसोट, म्हणजे तुमच्या त्या सरळसोट फांद्या, निघतात. पानसोटाचा जोर सगळा उंचीत जातो, फुलांत नाही. आणि जितकी फूट जोरकस तितके तिच्यावर काटे जास्त. काटे नकोत म्हणून झाड बोडकं केलं की पुढच्या दोन वर्षांत आधीपेक्षा जास्त काटे मिळतात. दुसरा धोका म्हणजे पानसोट थोटकाच्या कडेला, वरवरच्या लाकडावर चिकटलेला असतो. नैसर्गिक फांदीचं बूड खोडात खोल गेलेलं असतं, तशी पकड याला नसते. वळवाच्या वाऱ्यात नेमके हेच तुटतात, आणि तुटताना खालची साल हातभर सोलून नेतात.

तेव्हा पुन्हा १० फुटांवर आणायचा विचार सोडा. उंची २० फुटांच्या आसपास राहू द्या आणि गर्दी विरळ करा. एका वर्षात एकूण फांद्यांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काढायचं नाही.

प्रत्येक थोटकावरच्या सात-आठ पानसोटांतून दोनच ठेवायचे आहेत, पण एका दमात नाही. पहिल्या वर्षीच्या एप्रिलला एक-दोन काढा: आतल्या बाजूला वळलेले, एकमेकांना घासणारे, बुडाशी दोघांच्यामध्ये साल दबून गेलेले. पुढच्या प्रत्येक एप्रिलला चौथ्या हिश्शाची मर्यादा पाळत एक-दोन काढा आणि शेवटी दोन निवडा. बाहेरच्या अंगाला झुकलेला आणि थोटकाशी रुंद कोन करणारा पानसोट चांगला. तो दोन-तीन वर्षांत जाड होऊन थोटकाला वेढून घेतो आणि खरी फांदी बनतो. निवडलेल्याचा शेंडा मारू नका. शेंड्यालाच फुलं यायची आहेत.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दर तीन आठवड्यांनी एक फेरी मारा. कापलेल्या जागांभोवती नवे कोंब दिसतील. ते वीतभर व्हायच्या आत हातमोजा घालून अंगठ्याने बाजूला दाबले की बुडासकट निघतात. तेव्हा त्यांचे काटे मऊ असतात. एकदा मनगटाएवढे झाले की मग करवत, शिडी आणि पुन्हा जखम.

आता काप. मनगटाएवढी किंवा जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या दोन इंच पुढे, वरून, आरपार. फांदी खाली पडते आणि साल फाटत नाही, कारण फाट खालच्या कापाशी थांबते. मग उरलेल्या फूटभर ठुणक्याचा तिसरा काप. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर वळसा दिसतो. काप त्या वळशाच्या बाहेर, त्याला लागून. वळसा कापला तर जखम मोठी होते आणि ती झाकणारी साल निघायची जागाच जाते. उलट चार-सहा इंचांचं खुंट ठेवलं तर ते मरतं, कुजतं आणि कूज आत नेतं. पांगाऱ्यावर कोयत्याने घाव घालणं टाळाच. लाकूड मऊ असल्याने तुकडा पडतो पटकन, पण कड चिंधडते. बोटाएवढ्या फांदीला छाटणीची कात्री, दीड इंचापर्यंत लांब दांड्याची कात्री, त्यापुढे ओढून कापणारी वाकडी करवत. पातं आधी आणि मधे मधे स्पिरिटने पुसा.

फाटकावरची फांदी मुळापासून काढू नका. तिच्या खाली लोंबणाऱ्या उपफांद्या काढून डोक्यावर आठ फूट मोकळे करा. तरीही ती पुढे खूप आली असेल तर एखाद्या वरच्या उपफांदीपाशी कापा. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी जाड हवी. त्याहून बारीक असेल तर ती शेंड्याची जागा घेऊ शकत नाही आणि कापाशी पुन्हा पानसोटांचा झुपका येतो.

कापलेल्या जागी काही लावायची गरज नाही.

तळकोकण

वरचं सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. साताऱ्यात एप्रिलमध्ये जखम सुकेल हे खरं, पण दोन इंचांहून मोठा काप जूनपर्यंत झाकला जात नाही, आणि पांगाऱ्याचं लाकूड उघडं राहिलं की पावसात त्यावर बुरशी बसते. मोठ्या कापांना बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक लेपाचा, एक पातळ हात द्यावा.

प्रमाण १ लिटरसाठी: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर विरघळू द्या. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्याने विरवून, निवला की अर्धा लिटर करा आणि फडक्याने गाळा. तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकाच वेळी ओता आणि लाकडाच्या काठीने ढवळत राहा. लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड भांडं नको, मोरचूद ते खातो. तयार पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घाला. हे न पाहता लावलं तर कडेची जिवंत साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी वापरा. हातमोजे, चष्मा हवाच. उरलेली विहिरीच्या किंवा माशांच्या टाक्याच्या जवळपास ओतू नका.

डांबर, ऑइलपेंट, शेणमाती यातलं काही नको. त्याखाली ओल अडकते आणि कूज झाकून राहते.

हिरवा कोयता

@तळकोकण, पेस्ट पृष्ठभागावरची बुरशी काही आठवडे रोखते हे मान्य. पण जखम भरते ती पेस्टने नाही. झाड कापलेलं लाकूड दुरुस्त करत नाही, ते आतून त्या जागेला भिंत घालतं आणि बाहेरून कडेची साल वाढवून झाकतं. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं, आणि जखमेवरचे लेप आतली कूज थांबवत नाहीत हेही. त्यामुळे काप चुकला असेल तर बोर्डो त्याला वाचवत नाही. दमट कोकणात मोठ्या कापाला लावायला माझी हरकत नाही, मात्र फक्त लाकडावर. सालीच्या कडेचा अर्धा इंच मोकळा सोडा.

बागेश्री

गुंडाळलेली पानं आणि देठांवरच्या गाठी याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. ते वर्णन पांगाऱ्याच्या गाठमाशीचं आहे. ही दीडेक मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. तिला २००४ साली शास्त्रीय नाव मिळालं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती भारतासह आशियाभर आणि हवाई बेटांपर्यंत पोचलेली होती. मादी कोवळ्या पानात आणि देठात अंडी घालते, अळ्यांभोवती झाड गाठ तयार करतं. तीन आठवड्यांच्या आसपास नवी पिढी बाहेर पडते. गाठ कापून बघा, आत छोटे छोटे कप्पे दिसतील. गाठीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर माशा उडून गेल्या आहेत. भोकं नसतील तर आत आहेत.

छाटणीशी याचा थेट संबंध आहे. माशीला कोवळी फूटच लागते. झाड बोडकं केलं की एकाच वेळी शेकडो कोवळे शेंडे येतात, म्हणजे तिला पाहिजे तेच. चौथ्या हिश्शाची मर्यादा पाळण्याचं हे दुसरं कारण.

गाठीचे शेंडे दिसले की पावसाळ्यातसुद्धा काढा. तो शेंड्याचा बारीक काप, त्याने कूज शिरत नाही. गाठीच्या खाली वीतभर निरोगी भाग घेऊन कापा आणि लगेच जाड काळ्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. पिशवी उन्हात महिनाभर राहू द्या, मग खड्ड्यात पुरा. खताच्या ढिगावर तसंच टाकलं तर माशा बाहेर येऊन परत झाडावर.

खोडातून किंवा मुळांतून आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक द्यायचा सल्ला कुणी देईल. पांगाऱ्याला तो देऊ नका. औषध मधात उतरतं, आणि या फुलांतला मध पक्षी आणि मधमाश्या पितात.

अंगणकर, सातारा

सगळ्यांचे आभार. गाठींना भोकं आहेत, म्हणजे उडून गेल्या. आता छाटणी एप्रिलमध्येच. दोन गोष्टी राहिल्या. जुन्या थोटकांपैकी दोन वरून काळी पडली आहेत, त्यातल्या एकात पावसाचं पाणी साठतं. आणि काट्यांचं काय करू? मुलं खोडाला हात लावतात.

हिरवा कोयता

काळं पडलेलं थोटूक आधी तपासा. लाकडाच्या दांड्याने ठोका. भरीव आवाज आला तर काळेपणा वरवरचा. पोकळ आला तर जाड स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने दाबून बघा. दोन-तीन इंच सहज आत गेला तर तिथलं लाकूड संपलं आहे. अशा थोटकावरचे पानसोट कितीही चांगले दिसले तरी निवडू नका, कारण त्यांचं बूड कुजक्या लाकडावर आहे. ते थोटूक खाली निरोगी उपफांदीपर्यंत किंवा खोडाच्या वळशापर्यंत घ्या आणि चौथ्या हिश्शाच्या हिशोबात ते धरा. कूज मुख्य खोडात उतरली असेल तर स्वतः शिडी लावू नका, झाडांचं काम जाणणारा माणूस बोलवा.

साठणारं पाणी बाहेर काढायला भोक पाडू नका. झाडाने आत घातलेली भिंत त्या भोकाने फुटते. सिमेंटही भरू नका. वाऱ्यात खोड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या फटीत ओल राहते.

काटे तासायचे नाहीत. पांगाऱ्याचा काटा सालीवर बसलेला असतो, लाकडात रुतलेला नसतो. खोडावरचा काटा लाकडाच्या ठोकळ्याने आडवा ढकलला की टक्कन निघतो आणि खाली फिकट, लंबगोल डाग राहतो. जमिनीपासून सहा फुटांपर्यंत असे काढून टाका. कोयत्याने किंवा रंध्याने तासलं तर साल जाते. जून खोडाचे काटे वयाबरोबर आपोआप झडतात, त्यामुळे हे काम दरवर्षी करावं लागत नाही. खाली पडलेले काटे मात्र त्याच दिवशी झाडून घ्या, चपलेतून शिरतात.

काम करताना कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे, जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा. पडणारी फांदी गिरकी घेते, आणि काटा डोळ्याला लागायचा धोका तेव्हाच जास्त. काटा टोचला तर काढून साबणाने धुवा. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल तर घ्या. बोटाच्या सांध्यात शिरला आणि सांधा सुजला तर डॉक्टर गाठायचाच. शिडी पांगाऱ्याच्याच फांदीला टेकवू नका, लाकूड दगा देतं. स्वतः उभी राहणारी घोडीची शिडी हवी.

मोहोळ

तारेजवळच्या फांदीला हात लावू नका. चार फूट हे अंतर फार कमी आहे. तारेपासून दहा फुटांच्या आत घरच्या माणसाने करवत, ओली काठी किंवा धातूची शिडी नेऊच नये. महावितरणला कळवून पुरवठा बंद करवून घ्या, मग कापा.

आणि परवानगी. सातारा पालिका हद्दीत असाल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी फांद्या छाटायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. फेब्रुवारीतच द्या म्हणजे एप्रिलची वेळ चुकणार नाही. झाडाचे दोन-तीन फोटो जोडा, कोणत्या फांद्या काढायच्या त्यावर खूण करा, आणि तारेचा फोटो वेगळा द्या.

कापायच्या सकाळी फांद्यांमध्ये घरटी बघून घ्या. एप्रिलमध्ये असतात. चालू घरटं असेल ती फांदी राहू द्या. पिल्लं उडाल्यावर पाऊस आला असेल तर पुढच्या वर्षी.

तळकोकण

कापलेल्या फांद्या टाकून देऊ नका, पण तशाच कोपऱ्यात ढीग करूनही ठेवू नका. पांगाऱ्याची जाड फांदी ओल्या जमिनीवर पडली की मुळं धरते, आणि पावसाळ्यात तिथे काट्यांचं रान होतं.

पानं आणि हिरवे शेंडे शेळ्यांना चालतात, किंवा बारीक करून आळ्यात टाका. द्विदल कुळातलं झाड असल्याने त्यात नत्र चांगलं असतं. गाठीचे शेंडे यात घालायचे नाहीत. काटेरी फांद्यांचे तुकडे अनवाणी चालायच्या जागी पसरू नका. कुंपणाच्या आतल्या बाजूने खच करून ठेवले तर वर्षभरात कुजतात. मे-जूनला शेंगा पिकल्या तर बिया वेचून घ्या, विषारी असतात, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

मिरीच्या किंवा पानवेलीच्या आधाराला मेढी हव्या असतील तर पाच-सहा फूट लांबीचे, मनगटाहून जाड, सरळ तुकडे निवडा. पानमळ्यांत शेवरी, शेवगा, हादगा यांच्या जोडीने पांगारा याचसाठी लावतात. तुकड्याचं खालचं टोक तिरकं आणि वरचं सपाट कापा, म्हणजे उलटा लागत नाही. सावलीत आठवडाभर उभे ठेवा, कापातला चीक सुकू द्या, मग दीड फूट खोल पुरा. ओला काप लगेच मातीत गेला तर बूड कुजतं. एप्रिलमध्ये लावल्यास आठवड्यातून दोनदा पाणी, तेही बेताचं. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून निदान १५ फूट लांब ठेवा. याची मुळं वरच्या थरात पसरतात आणि फरशी उचलतात. तुमचं आत्ताचं झाड भिंतीपासून आठच फुटांवर आहे, तेव्हा भिंतीच्या पायाला आतल्या बाजूने तडे आहेत का ते एप्रिलच्या आधी एकदा बघून घ्या आणि इथे लिहा.